डिंडोलीतले वीस ‘नाही’

सुरतेहून आले म्हटल्यावर सांगलीत सगळ्यांनी एकच विचारलं, "साड्या कुठं आहेत?" नऊ दिवस त्या शहरात राहून मी साडीच्या एकाही दुकानाची पायरी चढले नाही, हे कुणाला खरं वाटत नाही. मी गेले होते वीस प्रश्न घेऊन, आणि त्यातच दिवस गेले. काय झालं ते कुणाला नीट सांगितलंच नव्हतं, म्हणून आता लिहिते.

सत्तावीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर भाषांतरं करू लागले. माझी भाची मृणाल पुण्यात लहान मुलांची मानसोपचारतज्ज्ञ आहे. पूर, आग, अपघात असं काही मुलांनी सोसलं, तर त्याचा घाव मनात किती राहिलाय हे समजावं म्हणून तिच्या क्षेत्रात प्रश्नावल्या असतात. अशीच एक, परदेशात तयार झालेली आणि पुष्कळ भाषांत वापरली जाणारी, तिच्या गटाला मराठीत हवी होती. वीस प्रश्न. प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, कधी कधी, पुष्कळदा, जवळजवळ रोज. शेवटी बेरीज. बेरीज मोठी आली की त्या मुलाला मदत लागेल असं धरायचं. ते भाषांतर मी दोन महिने घासूनपुसून केलं होतं. ‘त्या अप्रिय प्रसंगाचे स्मरण तुला वारंवार होते का?’ हा पहिला प्रश्न. वाचताना माझं मलाच बरं वाटायचं.

"मावशी, आता मुलांना ते कळतं का, बघायला हवं," मृणाल म्हणाली. "सुरतेत डिंडोलीला गेल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी घरांत शिरलं होतं. तिथली मुलं मराठी शाळेत आहेत. तूही चल. तुझा शब्द अडला तर तूच तिथं असलेली बरी."

माझा शब्द अडेल असं मला काही वाटलं नव्हतं.

सोमवार, मंगळवार

डिंडोलीत रिक्षातून उतरले आणि पहिली पाटी दिसली ती मराठीत, ‘खान्देशी शेवभाजी’. दुसरी गुजरातीत, तिसरी हिंदीत. गल्लीत एका खोलीची घरं, त्यावर चढवलेली दुसरी खोली, आणि प्रत्येक उंबऱ्यात साडी पसरून बसलेल्या बायका. साडीवर खडे चिकटवायचं काम घरोघर चालतं. त्या डिंकाचा वास पहिल्या दिवशी दिवसभर माझ्या नाकातून गेला नाही. घरचे पुरुष लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, नाहीतर सचिन नावाच्या भागातल्या गिरण्यांत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची ही माणसं. कुणी दोन, कुणी तीन पिढ्या इथंच.

आमची सगळी भिस्त रंजनाताईंवर होती. या गल्लीतच बालवाडी चालवतात. वय माझ्याएवढंच, जन्म सुरतेतला, माहेरसासर दोन्ही धुळ्याकडचं. मला पाहताच म्हणाल्या, "या ना ताई, बठा. पहले खाऊन घ्या, काम मग." समोर ठेवला पोंक. हुरड्यासारखाच, ज्वारीचे कोवळे दाणे, पण त्यावर बारीक शेव आणि लिंबू. आमच्याकडं हुरडा शेतात, आगटीपाशी बसून खायचा. इथं तो कागदाच्या पुडीतून फुटपाथवर मिळतो. मी तीन पुड्या खाल्ल्या.

घरात त्या अहिराणी बोलतात, माझ्याशी मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी. एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना थांबतसुद्धा नाहीत. मुलांचंही तसंच. शाळेच्या आवारात एक पोरगी दुसरीला "चाल ने" म्हणाली, तिसरीला "तठे बठ", आणि बाई दिसताच "नमस्कार बाई". मी अडतीस मुलांना प्रश्नावली वाटली. पालकांच्या सह्या आधीच घेतल्या होत्या. मुलांनी मुकाट्यानं चौकोन भरले.

मंगळवारी संध्याकाळी मृणालनं बेरजा केल्या. सगळ्यात मोठी आली चेतन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाची. सगळ्यात छोटी अकरा वर्षांच्या निकिताची, म्हणजे चक्क शून्य. वीसच्या वीस प्रश्नांना ‘कधीच नाही’.

"निकिताचं घर तर खाडीकडच्या टोकाला, खालच्या मजल्यावर," रंजनाताई म्हणाल्या. "पाणी पहले तिच्याच घरात घुसलं होतं."

"काही मुलं खरंच सावरतात," मृणाल म्हणाली. पण तो कागद तिनं बाजूला काढून ठेवला.

बुधवार

आता एकेका मुलाला विचारायचं होतं, की हा प्रश्न वाचून तुला काय समजलं? आधी चेतनला बसवलं. गोल चेहरा, हातांच्या बोटांना मांज्याचा गुलाबी रंग. उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, दोन दिवसांवर आलं होतं आणि त्याचं निम्मं लक्ष आभाळात.

"त्या प्रसंगाचे स्मरण, यात तू ‘जवळजवळ रोज’ लिहिलंयस. म्हणजे काय होतं तुला?"

"याद येते."

"कशाची?"

"पुराची. गल्लीतले सगळे पक्क्या बिल्डिंगच्या गच्चीवर होतो. तीन दिवस! रोज खिचडी वाटत होते. शाळा बंद. आणि गिरणी बंद होती ना, तर पप्पा पण तीन दिवस आमच्यासोबत होते." मग त्यानं विचारलं, "परत पूर येईल का?"

मृणालनं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या कागदाकडं. झोपेच्या प्रश्नाला त्यानं ‘पुष्कळदा’ लिहिलं होतं, कारण पतंगांच्या विचारानं झोप येत नव्हती. ‘शरीर बधिर झाल्यासारखे वाटते का?’ याला ‘रोज’, कारण वर्गात मांडी घालून पायाला मुंग्या येतात. ‘तू त्या जागा टाळतोस का?’ हे वाचून त्याच्यानंतर बसलेल्या मुलीनं टाळी वाजवून दाखवली.

दुपारपर्यंत माझ्या वीस वाक्यांपैकी बारा पडली. मुलांच्या निबंधांवर लाल शाई ओढण्यात माझा जन्म गेला. माझ्या वाक्यांवर कुणी अशी ओढली नव्हती. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण चेतन जाताना खिशातून तिळाची चिक्की काढून माझ्या हातावर ठेवून गेला. मग कसला राग!

निकिता शेवटी आली. तेल लावून घट्ट दोन वेण्या, आणि बसण्यात एखाद्या मोठ्या बाईचा ठामपणा. तिला सगळे प्रश्न कळले होते. अर्थ विचारला की बरोबर सांगत होती, आणि उत्तर तेच, नाही. शेवटी मी कंटाळून पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाळ, मला अहिराणी येत नाही. हे प्रश्न तुझ्या छोट्या बहिणीला विचारायचे असते, तर तू कसे विचारले असतेस?"

पहिल्यांदा ती हसली. "असं तर कोणी बोलतच नाही मॅडम." माझा कागद तिनं स्वतःकडं ओढला. "स्मरण नाही लिहायचं. याद पण नाही, याद तर चांगली पण येते. असं लिहा: पुरनी याद उनी का तुना जीव घाबरस का?"

मी लिहून घेतलं. पुराची आठवण आली की तुझा जीव घाबरतो का? एका ओळीत तिनं चेतनची खिचडी वेगळी काढली होती. मला जे दोन महिन्यांत सुचलं नव्हतं ते तिला इतक्या सहज सुचलेलं पाहून मी तिच्या पाठीवर थाप मारली. मग आम्ही दोघी एकेक प्रश्न घेत बसलो. अकराव्या प्रश्नाशी आलो: ‘धोका नसतानाही तू सतत सावध असतेस का?’

निकितानं पेन हातात फिरवलं. "राती उठीसन मोरी देखस का?"

"रात्री उठून मोरी बघतेस का?" मी विचारलं. "मोरी कशाला?"

"पाणी दरवाजातून नाही आलं ना मॅडम. सगळे दरवाजाकडे बघत होते, पप्पा तिथं गोणी लावत होते. पाणी मोरीच्या भोकातून वर आलं. काळं. मीच पहिले देखलं." ती कागदाकडंच बघत बोलत होती. "आता मी त्याच्यावर पाटा ठेवते. मम्मीचा, मसाल्याचा. पण तो हलू शकतो. तर मग उठून बघावं लागतं."

"किती वेळा?"

"चार वेळा. कधी पाच."

मृणाल खुर्ची पुढं ओढून तिच्याजवळ बसली. "हे घरी कुणाला माहीत आहे?"

तिनं नाही अशी मान हलवली. मम्मी दिवसभर साड्या करते, पप्पांची पाळी बारा तासांची, झोपमोड कशाला करायची?

"मग फॉर्ममध्ये सगळीकडं ‘नाही’ का लिहिलंस, बेटा?" मृणालनं विचारलं.

यावर तिनं आमच्याकडं असं पाहिलं, जणू आम्हीच लहान होतो. गल्लीतल्या अर्ध्या घरांचे फॉर्म तीच भरते, कारण मोठ्यांना गुजराती वाचता येत नाही. रेशनचे, शाळेचे, दवाखान्याचे. "फॉर्ममध्ये काही आजार आहे का, काही तक्रार आहे का, असं असलं की नाही लिहायचं असतं. हो लिहिलं की परत बोलवतात. कागद मागतात. पप्पांचा खाडा होतो."

गुरुवार

सकाळी आमच्या मावशी-भाचीत वाद झाला. रंजनाताईंच्या ओट्यावर, लोचो खाता खाता. लोचो हा सुरतेचा नाश्ता, ढोकळ्याचं पीठ उकडताना बिघडावं तसा लिबलिबीत, वर तेल आणि मसाला. चव मात्र अशी, की भांडण मध्येच थांबायचं.

माझं म्हणणं, मोरीचा प्रश्न प्रश्नावलीत घाला. मृणालचं म्हणणं, घालता येत नाही. "जगभर हेच वीस प्रश्न आहेत मावशी. आपण एकविसावा घातला तर इथल्या मुलांचं दुसरीकडच्या मुलांशी ताडून बघताच येणार नाही. मग इथल्या मुलांना जास्त मदत लागतेय, हे पटवायचं कशाच्या जोरावर?"

"आणि ज्या पोरीला सगळ्यात जास्त लागतेय तिची बेरीज शून्य येते, त्याचं काय?"

तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. दुपारभर ती फोनवर वरिष्ठांशी बोलत राहिली. शेवटी असं ठरलं की प्रश्न वीसच राहतील, पण मुलांना समजावं म्हणून जागोजागची उदाहरणं देता येतील. अकराव्याखाली लिहिलं, ‘जसं की, मोरी किंवा दार पुन्हा पुन्हा बघणं.’ मुलांनी स्वतः चौकोन भरायचे नाहीत. गल्लीतल्याच ओळखीच्या बाईनं प्रश्न अहिराणीत वाचून दाखवायचे. आणि सगळ्यात आधी एक वाक्य, जे मूळ प्रश्नावलीत कुठंच नव्हतं: हा सरकारी फॉर्म नाही, हो म्हटलं म्हणून तुझ्या घरच्यांना कुणी कचेरीत बोलावणार नाही.

निकिताचं वेगळं होतं. मृणालनं तिला विचारलं, "घरी सांगायला हवं. मी सांगू, की तू सांगशील?" ती वेणीचं टोक चघळू लागली. मग म्हणाली, "मी बोलेन. तुम्ही बाजूला बसा."

संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. आई मनीषा, चार वर्षांची बहीण परी, आणि वडील संजयभाऊ. लूम बिघडले की दुरुस्त करणारे कारागीर, नखांत कायमचं काळं तेल. मनीषानं फुणके केले होते. वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, सोबत कढी. "खाई ल्या ताई," म्हणत ती वाढत होती. कोपऱ्यात मोरी दिसत होती. तिच्या भोकावर पाटा होता.

निकितानं सांगितलं. अहिराणीत, भराभर, एकदाही न थांबता. मला शब्द सगळे कळले नाहीत. मनीषाचा हात कढीच्या भांड्यावरच थांबला, एवढं दिसलं. मग तिनं पदर तोंडाला लावला. "मी समजायची, मसाला वाटायला सोपं पडावं म्हणून पोरगी पाटा तिथं ठेवते," ती मला म्हणाली.

"माले वाटनं, मनी पोर मोठी हिंमतनी शे," संजयभाऊ म्हणाले. म्हणजे, मला वाटलं, माझी पोर मोठ्या हिमतीची आहे. मग मुलीला विचारलं, "बोलनी काबरं नही तू?" का बोलली नाहीस?

तिनं खांदे उडवले. वडिलांनी तिला जवळ ओढलं. उठून त्यांनी पाटा बाजूला केला, गुडघे टेकून मोरीच्या भोकात बोट घातलं आणि वितीनं माप घेतलं.

उत्तरायण

आमच्याकडं संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि हळदीकुंकू. इथं संक्रांत म्हणजे सगळं शहर गच्चीवर. डिंडोलीतल्या बायका सकाळी सुगडं पुजून, तिळगूळ देऊन, नऊच्या आत मांज्याची चक्री धरायला हजर. आम्ही पक्क्या बिल्डिंगच्या गच्चीवर होतो, तीच, पुरातली. चेतननं मला एक पतंग दिला. मी तो दहा मिनिटांत काटून घेतला, आणि शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!" असा ओरडा झाला. उंधियू खाल्ला, ऊस खाल्ला, उन्हानं नाक सोलून निघालं.

संजयभाऊ मात्र दिसेनात. मनीषा दर थोड्या वेळानं कठड्याशी जाऊन रस्त्याकडं बघत होती. ते सकाळीच मोटारसायकल काढून गेले होते, कुठं ते न सांगता. या दिवशी दुचाकीवरून जाणं जिवावरचं असतं. तुटलेला मांजा गळ्याला केव्हा चिरेल सांगता येत नाही. निकिता पतंगाला हात लावत नव्हती. मी तिच्याशेजारी नुसती बसून राहिले.

चारला ते आले. गळ्याला मफलरचे चार वेढे, हातात कागदात गुंडाळलेली वस्तू. बाजारातली सगळी दुकानं बंद, म्हणून ते शहराबाहेर कामरेजला एका गाववाल्याकडं गेले होते. त्याची उसाची शेती, घरी पाण्याच्या पाइपांचं सामान पडलेलं. त्यातून ते एक वॉल्व्ह घेऊन आले होते. पाणी एकाच बाजूनं जाऊ देणारा.

मनीषा आधी त्यांच्यावर खूप ओरडली. मग त्यांना ऊस सोलून दिला.

वासी उत्तरायण

सणाचा दुसरा दिवस इथं ‘वासी’, म्हणजे शिळा. लूम त्याही दिवशी बंद. संजयभाऊंनी मोरी फोडायला घेतली आणि निकिताला समोर बसवलं. पाना दे, टेप धर, इथं बघ. वॉल्व्ह बसवण्याआधी त्यांनी तो तिच्या हातात दिला. "फुंक मार." एका बाजूनं हवा गेली. उलटा करून पुन्हा फुंकायला लावलं. गाल फुगले, हवा गेली नाही. तिनं आठ-दहा वेळा करून पाहिलं. परीनंही पाहिलं. मग मीही.

"हे झालं की ती बरी होईल का?" परत येताना मी मृणालला विचारलं.

"एवढ्यानं नाही. पाणी मनातही शिरलंय ना. मी दर आठवड्याला फोनवर तिच्याशी बोलेन, महिन्याकाठी येईन. पण बापानं तिचं भय खरं मानलं, हे मला औषधानं करता आलं नसतं."

सोमवारी शाळेत रंजनाताईंनी नवी प्रश्नावली वाचली. ते आधीचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा आपण होऊन. चेतनची बेरीज उतरली. पाच मुलांची चढली, आणि त्यातली दोन अशी होती की त्यांच्यावर आमची नजरही गेली नव्हती. निकिता अकराव्या प्रश्नाला थांबली. "जवळजवळ रोज," ती म्हणाली. "पण काल दोनदाच." तिचे सगळे मिळून बारा ‘हो’ झाले. ते ऐकताना मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. वर्गात "आमास्नी-तुमास्नी" करणाऱ्या मुलांना मी सत्तावीस वर्षांत कितीदा खाली बसवलं असेल, हे गाडीत बसल्यावर आठवत राहिलं.

मनीषानं वाटेसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी दिल्या, आणि निघताना एक साडी पुढं केली, अर्धे खडे लावलेली. मी घेतली नाही. ती कुणाच्या तरी ऑर्डरमधली होती.

परवा, पाऊस चांगला लागल्यावर, सकाळी रंजनाताईंचा फोन आला. बोलली निकिता. रात्री खाडी भरली होती. "मॅडम, पानी गल्लीमा उनं. घरमा नही उनं."

"भीती वाटली का ग?"

"वाटली ना. खूप वाटली." मग म्हणाली, "पण या टाइमला एकटी नाही बसली. मी मम्मीले उठाडं."

मी मम्मीला उठवलं. एवढं मला आता भाषांतराशिवाय कळतं.